प्रतिवादी क्रमांक दोन

चौतीस वर्षं मी लोकांच्या कागदांतल्या त्रुटी काढल्या. परभणीला, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात. बदलीचा अर्ज असो, सेवापुस्तकातली नोंद असो की पेन्शनची फाइल, माझ्या टेबलावरून पहिल्याच फेरीत पार झालेला कागद मला आठवत नाही. उद्धवरावांच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नाही, असं लोक म्हणायचे. काही लोक आणखीही काही म्हणायचे, पण ते कॅन्टीनमध्ये म्हणायचे, त्यामुळे त्याची नोंद कुठे झालेली नाही.

माझी दुसरी ख्याती पेन्सिलीच्या फुलीबद्दल होती. ज्या ज्या ठिकाणी सही लागते तिथे मी आधीच बारीक फुली मारून ठेवायचो. समोरच्या माणसाला सांगायचो, ‘फुली दिसली की सही करायची. वाचत बसू नका, मागे लाइन आहे.’ हजारो माणसांनी माझ्या फुल्यांवर सह्या केल्या. त्यात मुख्याध्यापक होते, विस्तार अधिकारी होते, एक तर मराठी व्याकरणाचे पुस्तक लिहिलेले गृहस्थ होते. एकानेही वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मी याला जनसेवा समजत असे. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी तिचा उल्लेखही केला होता.

त्यामुळे कोर्टाचं समन्स घेऊन बेलिफ दारात आला तेव्हा राजेश्रीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातलं सूप खाली पडलं, पण मी शांतपणे चष्मा लावून समन्सच्या मागच्या बाजूला तारीख बरोबर आहे का ते पाहिलं.

प्रकरण साधं होतं. झरीला आमची सव्वाचार एकर जमीन आहे. वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर ती माझ्या आणि माझी धाकटी बहीण अंबिका हिच्या नावावर लागली. शेजारच्या तात्यारावाचं म्हणणं असं की आमच्या बांधावरून त्याची पूर्वापार वाट आहे आणि ती मी अडवली. अडवली हे खरं आहे. पण त्याने न विचारता ट्रॅक्टर घातला. विचारलं असतं तर मी वाट दिली असती, असं मी सगळ्यांना सांगतो. विचारलं असतं तरी दिली नसती, असं राजेश्री सगळ्यांना सांगते. तर तात्यारावाने दिवाणी दावा टाकला. त्यात प्रतिवादी क्रमांक एक मी आणि प्रतिवादी क्रमांक दोन ‘अंबिका पि. माणिकराव’.

आमचे वकील महारुद्र. माणूस हुशार, फक्त त्यांच्या खिशातले दोन फोन एकाच वेळी वाजतात आणि ते दोन्ही उचलतात. माझ्या वकालतनाम्यावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, सही घेऊन ते म्हणाले, “आता ताईंचा वकालतनामा द्या. त्यांच्या वतीनं बी मला उभं ऱ्हावं लागंल.”

“ती नेदरलँडला असते,” मी म्हणालो.

अंबिका इथल्याच कृषी विद्यापीठात शिकली आणि चौदा वर्षांपूर्वी तिकडे गेली. भाजीपाल्याचं बियाणं तयार करणाऱ्या कंपनीत ती काकडीवर संशोधन करते. झरीत हे अजून कुणाला पटलेलं नाही. काकडीसाठी एवढ्या लांब कशाला जावं लागतं, असं लोक मला विचारतात.

“एक सही तर आहे,” मी म्हणालो.

“एक सही तर हाय,” महारुद्र वकीलही म्हणाले. दोन अनुभवी माणसांनी एकाच वेळी इतकं चुकीचं वाक्य उच्चारल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या कॉलनीत योगीराज राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्यामुळे ते घरातल्या घरातही फलाटावर असल्यासारखे बोलतात. मला आलेलं समन्स कॉलनीला त्यांच्याच तोंडून कळलं. ते म्हणाले, “कशाला घोर करायलात उद्धवराव? फोटो काढा, व्हॉट्सअपवर टाका. ताईला म्हणा सही करून फोटो परत पाठव. आता कागद ऱ्हायलाय कुठं जगात?”

तासाभरात काम झालं. रंगीत प्रत काढून मी स्वतः कोर्टाच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथे चष्म्याच्या वरून पाहणारे एक कारकून होते. पाहताक्षणी मला ते आपल्या जातकुळीतले वाटले.

“मूळ प्रत?” ते म्हणाले.

हा स्वर मी चौतीस वर्षं वापरला होता. समोरच्या बाजूने तो कसा ऐकू येतो ते मला प्रथमच कळलं.

“ही सही कुणासमोर झाली?”

“कुणासमोर म्हणजे, तिच्या घरी. स्वयंपाकघरात बसून केली.”

“स्वयंपाकघराचा शिक्का चालत न्हाई साहेब,” ते म्हणाले आणि कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. दोन बोटांनी. ती लकबसुद्धा माझीच होती.

महारुद्र वकिलांनी मग नीट समजावून सांगितलं. परदेशातल्या माणसाने वकालतनाम्यावर सही करायची ती तिथल्या भारतीय दूतावासात, अधिकाऱ्यासमोर. मग ते साक्षांकन करून शिक्का देतात. शिवाय अंबिका दर तारखेला येऊ शकणार नाही, म्हणून तिच्या वतीने कैफियतीवर, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरावर, सही करायला आणि साक्ष द्यायला माझ्या नावाचं मुखत्यारपत्र हवं. म्हणजे वकील कोर्टात तिच्या वतीने बोलणार आणि वकिलाशी तिच्या वतीने मी बोलणार. मला ही व्यवस्था फार नैसर्गिक वाटली. तिचा शाळेतला प्रवेश, होस्टेलचा फॉर्म, पासपोर्टच्या वेळची पोलीस चौकशी, सगळीकडे तिच्या वतीने मीच बोललो होतो.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक टायपिस्ट बसतात. त्यांच्याकडे मुखत्यारपत्राचा मसुदा तयारच असतो, फक्त नावं आणि गट नंबर भरायचे. सोबत योगीराज होते, कारण आपल्याकडे माणूस कोर्टात एकटा गेला तर काहीतरी लपवायलाय असं समजतात. टायपिस्ट भराभर वाचत होते. कोर्टात हजर राहणे, वकील नेमणे, कागद दाखल करणे. अकराव्या कलमाशी ते थांबले.

“‘सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा माझे बंधू यांचे लाभात सोडून देणे व त्याकामी हक्कसोडपत्र लिहून व नोंदवून देणे.’ हे ठिवू का काढू?”

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. वडिलांच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा असतो हे कायद्यात आहे, आणि बहीण तो भावाला सोडून देते हे रीतीत आहे. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते, दोघं जेवतात. अंबिकाने अजून सही केलेली नव्हती, कारण मी कधी विषय काढला नव्हता. विषय काढायची गरजच मला कधी वाटली नव्हती.

“ठिवा की!” योगीराज सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले. “गाडी चाललीच हाय तर सीट रिकामी कशाला न्यायची?”

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, “राहू द्या. असतंच ते.” कुणी म्हणेल मी लबाडी केली. मी तेव्हा मनाशी म्हणालो की ही नुसती सोय आहे, उद्या लागली तर लागली. आता विचार करतो तेव्हा वाटतं, लबाडी करणाऱ्या बहुतेक माणसांच्या तोंडून त्या क्षणी असंच काहीतरी साधं वाक्य निघत असेल.

वकालतनाम्यावर एक आणि मुखत्यारपत्रावर सहा, अशा सात फुल्या मारून मी कागद कुरिअरला द्यायला निघालो तर राजेश्रीने दार अडवलं. “पोरीला नुसता कागद पाठवायलात व्हय? बरं दिसंल का?” मग त्या खोक्यात शेंगदाण्याची चटणी गेली, धपाट्याचं पीठ गेलं आणि करडईच्या तेलातलं लोणचं गेलं. लोणच्याच्या बरणीला तिने तीन पिशव्या बांधल्या होत्या. अकरा दिवसांनी अंबिकाचा फोन आला.

“दादा, कागद मिळाले. लय मस्त वास यायलाय. पण पहिल्या पानातून दुसरं पान दिसायलंय. हे दूतावासात कसं नेऊ?”

“वाळव थोडं.”

“इथं ऊन कुठं हाय वाळवायला? तू दुसरा संच पाठव. लोणचं मात्र झकास झालंय, वैनीला सांग.”

दुसऱ्या संचाच्या वेळी मी कुरिअरमध्ये कागदाशिवाय काही जाणार नाही असं जाहीर केलं. घरात पाहुणे होते, म्हणून पाकीट रात्रभर देवघरात ठेवलं. पोरांचे हात तिथपर्यंत पोचत नाहीत. राजेश्रीचे पोचतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पाकीट परदेशात पोचल्यावर मला कळलं की वकालतनाम्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं आहे. मी चिडलो तर ती म्हणाली, “लग्नाच्या पत्रिकेला लावतो, नव्या गाडीला लावतो. हे तर कोर्टाचं काम. याला न लावून कसं चालंल?” यावर सरकारी परिपत्रकात काही तरतूद नाही.

तिकडे दूतावासाची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. अंबिकाने रजा टाकली. दोन तास रेल्वेने जायचं होतं. आदल्या दिवशी मी तिला फोन करून बजावलं, “सात फुल्या आहेत. फुलीवर सही. वाचत बसू नको, तिथं लाइन असते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी जरा पडलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

“दादा, दूतावासातून बोलायलेय. बाहेर बाकावर बसलेय.”

“झाल्या सह्या?”

“न्हाई. इथल्या साहेबांना मराठी येत न्हाई, केरळचे हायत. आधी कुंकू बघून म्हणाले, ही कशाची मोहोर हाय? म्हणलं, आमच्या वैनीची. हसले बिचारे. मग म्हणाले, यात काय लिहिलंय ते मला एकेक ओळ हिंदीत सांगा. तुम्हाला कळून सही केली याची मला खात्री पाहिजे, त्याशिवाय शिक्का मारणार न्हाई.”

मला त्या साहेबांचा राग आला. एवढी चौकशी मी आयुष्यात कुणाची केली नव्हती.

“मग मी सांगत गेले. वकालतनाम्याला काही अडचण आली न्हाई. मुखत्यारपत्र बी दहा कलमांपर्यंत बरं चाललं. अकराव्याला मी थांबले. साहेब म्हणाले, पुढं काय लिहिलंय? दादा, मला सांगताच येईना.”

पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात राजेश्री भांडी लावत होती, ती थांबली.

“टायपिस्टकडं तयारच मसुदा होता गं,” मी म्हणालो. “असतंच ते त्यात.”

“तू वाचला होतास का?”

परभणीत असा एक माणूस नाही जो ‘उद्धवने कागद वाचला नव्हता’ यावर विश्वास ठेवेल. माझ्या सगळ्या कीर्तीने त्या दिवशी माझाच रस्ता बंद केला होता.

“वाचला होता,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं का, मला खरंच माहीत न्हाई. कदाचित दिलं बी असतं. पण तू मागितलंच न्हाईस. फुली मारलीस.”

“अंबिका, अगं...”

“धुरपता आत्या आठवते का तुला? रजिस्ट्रार कचेरीत अप्पांनी तिची सही घेतली तवा तिचा अंगठा शाईत धरून तूच टेकवला होतास. मी तिच्या मांडीवर बसले होते. तिनं मला हळूच विचारलं, काय लिवलंय गं बाई यात? मला तवा वाचता येत नव्हतं, दादा.” ती थांबली. “आता येतं.”

फोन बंद झाला. मी वळून पाहिलं तर राजेश्री दारात उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, कारण मी हल्ली फोन कानापासून लांब धरतो. ती म्हणाली, “तात्यारावानं न विचारता ट्रॅक्टर घातला म्हणून तुमी त्याची वाट अडवली ना?” एवढं बोलून ती आत गेली. संध्याकाळी मला चहा मिळाला, पण कप टेबलावर ठेवून मिळाला.

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला लाज वाटली नाही, अपमान वाटला. लाज आतून येते, तिला वेळ लागतो. अपमान काय, दारातच उभा असतो. बारा वर्षांनी मोठा भाऊ मी. वडील गेल्यावर तिच्या शिक्षणाचं सगळं पाहिलं ते मी. आणि मलाच विचारते, वाचला होतास का? योगीराजांनी या भावनेला भरपूर खतपाणी घातलं. “तिकडचं पाणीच तसं हाय,” ते म्हणाले. “आता बघा, वाटणी मागंल. मोजणीवाले आणंल. मी सांगून ठिवतो.” हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने मला सहानुभूती दाखवली.

मग हळूहळू दुसरं काहीतरी व्हायला लागलं. धुरपता आत्याचा अंगठा आठवायला लागला. जाड होता, कापसाच्या बोंडांनी चिरलेला, आणि शाईत बुडवताना तिने तो जराही ओढून घेतला नव्हता. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मला वाटलं होतं की मी तिला मदत करतोय.

मी अंबिकाला पत्र लिहायला बसलो. माफीचं पत्र मी आयुष्यात लिहिलेलं नाही, मागवलेली मात्र पुष्कळ आहेत. तासाभराने जे तयार झालं त्यात वर विषय होता, खाली संदर्भ होता, आणि मजकूर असा होता की ‘उपरोक्त प्रकरणी झालेल्या बाबीबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.’ राजेश्रीने वाचलं. म्हणाली, “यात खेद कोण व्यक्त करायलंय?” मी पुन्हा पाहिलं. खरंच कुणीच करत नव्हतं. मी ते फाडलं.

दरम्यान कोर्टाची तारीख आठ दिवसांवर आली. महारुद्र वकील दोन्ही फोन बंद करून माझ्याशी बोलले, तेव्हाच मी ओळखलं की गंभीर आहे. “ताईंचं समन्स लागलंय. त्यांच्या वतीनं कुणी उभं राहिलं न्हाई तर त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होऊ शकतो. त्यांचं म्हणणं कुणी ऐकणारच न्हाई मग.”

म्हणजे मी तिचं बोलणं माझ्या ताब्यात घ्यायला गेलो आणि आता ते कुणाच्याच तोंडी उरणार नव्हतं. त्या संध्याकाळी मी अंबिकाला फोन केला.

“वकालतनामा पाठवलाय मी,” ती म्हणाली. “साहेबांसमोर सही केली, शिक्का बी हाय. त्याच दिवशी केला असता, पण फुली मारलेल्या कागदावर करायचा नव्हता. दुसऱ्यांदा रजा टाकून गेले.”

“महारुद्र वकिलांना तर आला नाही.”

“त्यांच्या नावचा न्हाई. वैष्णवी वकील म्हणून हायत परभणीतच. माझी मैत्रीण योगिनीनं नंबर दिला. त्या माझ्या वतीनं उभ्या ऱ्हातील.”

“एकाच घरात दोन वकील? अगं, लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांग की अंबिकाचं म्हणणं अंबिका सांगायलीय.”

“मग काय आहे तुझं म्हणणं?”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. “बघ, आज पहिल्यांदा विचारलंस. तारखेला जा, कळंल.”

तारखेच्या दिवशी योगीराज न बोलावता सोबत आले. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी प्रकरणाची माहिती दिली. कोर्टाबाहेरच्या टपरीवर त्यांना एसटीतले कुणी जुने सहकारी भेटले म्हणून ते थांबले, आणि मी चहा घेऊन बाकावर बसलो तर शेजारी तात्याराव. ज्याच्याशी दावा चालू आहे त्याच्या शेजारी बसावं की नाही याचा मला निर्णय घेता येईना. पण बाक एकच होता आणि चहा गरम होता.

“बहिणीनं येगळा वकील लावला म्हणं,” तात्याराव म्हणाले.

मी टोमण्याची वाट पाहत चहाकडे बघत राहिलो.

“मला तीन बहिणी,” ते म्हणाले. “बापाचं तेरावं झालं आन् दुसऱ्याच दिवशी सह्या घेतल्या. लुगडी केली. तिघींनी बी गुमान सह्या केल्या. एक बी भांडली न्हाई.” त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. “तवापासून एक बी येत न्हाई, उद्धवराव. दिवाळीला गाडी पाठवली तरी येत न्हाईत. काम हाय म्हणत्यात. भांडायला तरी आल्या असत्या. तुमची भांडायलीय. म्हंजी तिला घर हाय अजून.”

मी त्यांच्या बशीतला चहा थंड होताना पाहत राहिलो.

आत गेलो. कोर्टाच्या खोलीत बाकं भरलेली होती. वैष्णवी वकील माझ्यापासून दोन माणसं सोडून बसल्या होत्या. पस्तिशीच्या, चष्म्याच्या, फाइलला लाल नाडी बांधलेली. आमचं प्रकरण निघालं तसा शिपायाने दारात उभं राहून पुकारा केला. तात्यारावांचा झाला, माझा झाला. मी उठून हाजिर म्हणालो आणि बसलो. मग त्याने बाहेरच्या व्हरांड्याकडे तोंड करून मोठ्याने आवाज दिला.

“अंबिका पिता माणिकराव! अंबिका माणिकराव हाजिर हाय का?”

मी पुन्हा उभा राहिलो. ठरवून नाही. तिचं नाव पुकारलं की मी उभा राहतो, हे शरीरालाच ठाऊक झालेलं आहे. तोंडसुद्धा उघडलं होतं. त्याच वेळी वैष्णवी वकील उठल्या आणि म्हणाल्या, “हजर. प्रतिवादी क्रमांक दोनतर्फे मी आहे.”

न्यायाधीश बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “आपण कोण?”

“प्रतिवादी क्रमांक एक,” मी म्हणालो.

“आपलं नाव पुकारून झालंय. बसा.”

मी बसलो. भरल्या कोर्टात मला बसवलं गेलं. तरी, खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही. वाटत होतं ते दुसरंच. अप्पा गेल्याला तीस वर्षं झाली. त्यांच्या नावाला जोडून तिचं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. माझं नाव नेहमी तसंच घेतलं जातं, म्हणून त्यात काही असतं हे मला कधी जाणवलं नव्हतं.

वैष्णवी वकिलांनी अंबिकाची कैफियत दाखल केली आणि प्रत महारुद्र वकिलांकडे दिली. त्यांचा एक फोन थरथरत होता म्हणून ती त्यांनी माझ्या हातात दिली. ती नेदरलँडहूनच पाठवलेली होती, पानोपानी अंबिकाची सही आणि दूतावासाचा शिक्का. मी पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो. ती म्हणत होती की वाट पूर्वापार असल्याचं तिला माहीत नाही, पण शेजाऱ्याने नीट विचारलं तर बांधाकडेने गाडीपुरती वाट द्यायला तिची हरकत नाही. यावर मी मनात भांडायला सुरुवात केली होती, तेवढ्यात शेवटचा परिच्छेद आला.

‘सदर मिळकतीत माझा निम्मा हिस्सा आहे व तो माझ्याच नावे राहावा. माझ्या हिश्श्याची जमीन माझे मोठे बंधू आजपर्यंत कसत आले आहेत. पुढेही त्यांनीच कसावी अशी माझी इच्छा आहे. आम्हां भावंडांत त्याकामी कोणत्याही कागदाची आवश्यकता नाही.’

अक्षरं पुसट व्हायला लागली म्हणून मी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. पुढची तारीख पडली, लोक उठले, महारुद्र वकील काहीतरी सांगत होते ते माझ्या कानापर्यंत आलं नाही. दाराबाहेर योगीराज उभे होते. “काय लिवलंय ताईनं?” त्यांनी सगळ्या व्हरांड्याच्या वतीने विचारलं. तिनं लिहिलंय ते तिनंच सांगावं, असं म्हणून मी त्यांना ओलांडून बाहेर आवारात आलो.

तिकडे सकाळचे आठ वाजले असतील. ती कामाला निघाली असेल का याचा विचार न करता मी फोन लावला.

“दादा?”

“वाचलं मी,” मी म्हणालो. “अंबिका, माझं चुकलं.” तिच्या मागे कुठेतरी सायकलची घंटी वाजली.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “मग वाटेचं काय करायचं?”

वाट द्यायची तर लिंबाच्या अंगाने द्यावी की विहिरीच्या अंगाने, यावर आम्ही दोघं तिथेच अर्धा तास भांडलो.